वापरलेल्या तिकिटांची ‘कंडिशन’ नक्की बघायची कशी? (पोस्टाची तिकिटं, एसटीची नव्हे)

माधवी_डोंबिवली
७ जुलै, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी सासरे गेले. परवा माळा आवरताना त्यांचा एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा सापडला आणि दोन दोनशेपानी वह्या. डब्यात सुटी तिकिटं, वह्यांत चिकटवलेली. फोर्टात एका कंपनीत डिस्पॅचला होते, त्यामुळे ऑफिसात येणाऱ्या पाकिटांवरची तिकिटं कापून आणायचे एवढं माहीत होतं, पण इतकी असतील असं वाटलं नव्हतं. साडेतीनशेपर्यंत मोजली आणि सोडून दिलं.

तर बघता बघता मलाच नाद लागला. डब्यात १९४८ च्या गांधींच्या सेटमधलं दीड आणा आणि साडेतीन आणे होतं, बारा आणे नव्हतं. म्हटलं भर घालू. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून साडेचारशेला मागवलं, ‘व्हेरी फाइन यूज्ड’ लिहिलं होतं, फोटो पण झकास. आलं. समोरून खरंच सुंदर आहे, हिरवट राखाडी रंग, शिक्का कोपऱ्यात हलकासा. रात्री सहज ट्यूबलाइटसमोर धरलं तर बापूंच्या खांद्यामागे करंगळीच्या नखाएवढी जागा एकदम उजळ दिसतेय. उलटं करून पाहिलं तर कागद तिथे सोलल्यासारखा. विक्रेत्याला विचारलं तर म्हणतो, मॅडम ग्रेड समोरच्या बाजूचा असतो, मागे कोण बघतं.

खरंच असं असतं का? हे फाइन, व्हेरी फाइन कोण ठरवतं? आणि डब्यातली साडेतीनशे मी स्वतः तपासायची म्हटलं तर सुरुवात कुठून करू?

वडापाव_कटिंग
७ जुलै, रात्री ११.०५

आमच्या वेळी ग्रेडिंग सोपं होतं. मोठं तिकीट म्हणजे दोन छोटी. प्राण्याचं तिकीट म्हणजे तीन. त्रिकोणी तिकीट म्हणजे पाच छोटी आणि वर एक पेरू. मागची बाजू बघायचा प्रश्नच नव्हता, मागे वहीचं पान चिकटलेलं असायचं.

सुगंधा
७ जुलै, रात्री ११.१९

+१ त्रिकोणी तिकीट. आणि ज्याच्याकडे ‘मग्यार पोस्टा’ असायचं तो वर्गात हा देश नक्की कुठे आहे यावर भाव खायचा. हंगेरी आहे हे मला लग्नानंतर कळलं.

टपालवेडा
८ जुलै, सकाळी ७.३१

माधवीताई, विक्रेत्याने सरळसरळ टोपी घातली तुम्हाला. ग्रेड पूर्ण तिकिटाचा असतो. तुम्ही सांगताय त्याला संग्राहक ‘थिन’ म्हणतात, कुणीतरी पाकिटावरून किंवा वहीतून घाईत ओढून काढलं आणि कागदाचा एक पापुद्रा मागे राहिला. थिन असलेलं तिकीट समोरून कितीही देखणं असो, व्हेरी फाइन नाहीच, फाइनही नाही. त्याला खोट असलेलं तिकीट म्हणायचं आणि त्या भावात घ्यायचं. बारा आण्याचं काही दुर्मीळ नाही, पैसे परत मागा.

आता कसं बघायचं. मी चाळीस वर्षं जसं बघतो तसं सांगतो, दुसऱ्या कुणाची पद्धत वेगळी असेल. पहिली गोष्ट, तिकीट पालथं घालायचं. समोरचा भाग नंतर. समोरची बाजू भुरळ घालते आणि एकदा भुरळ पडली की माणूस मागचं माफ करायला लागतो. चिमट्याने धरायचं, बोटाने नाही, आणि चिमटा म्हणजे भुवयांचा नाही, तिकिटांचा मिळतो चपट्या गुळगुळीत टोकाचा. पालथं घातलं की तिरका उजेड पाडा, टेबललॅम्प बाजूला आडवा करून. घडी असेल तर तिथे सावलीची रेघ दिसते. मग दिव्यासमोर धरा, थिन उजळ दिसतो, टाचणीचं भोक तर चांदणीसारखं चमकतं.

शंका उरली तर काळी बशी घ्या, त्यात तिकीट पालथं ठेवा आणि सिगारेट लायटरमध्ये भरायचं पेट्रोल येतं त्याचे चार थेंब टाका. कागद ओला होतो आणि वॉटरमार्क, म्हणजे कागदातच दडलेली खूण, वर येतो, त्याचबरोबर थिन आणि घड्या काळ्या होऊन दिसतात. जादूच वाटते पहिल्यांदा. मिनिटाभरात उडून जातं, तिकिटाला काही होत नाही. पण खिडकी उघडी ठेवा, देवासमोरची निरांजन विझू द्या आणि हे स्वयंपाकघरात करू नका!! आमच्या ग्रुपातल्या एकाने गॅस चालू असताना केलं होतं, भुवया परत यायला दोन महिने लागले.

मागची बाजू पास झाली की मग दाते. चारही बाजू मोजत बसू नका, फक्त नजर फिरवा, कुठे दात तुटलाय, आखूड झालाय, कोपरा गोल झालाय. मग शिक्का. आणि सगळ्यात शेवटी चित्र मधोमध आहे का ते.

राहता राहिले शब्द. सुपर्ब, व्हेरी फाइन, फाइन, गुड. यातला ‘गुड’ म्हणजे वाईट हे लक्षात ठेवा. स्टॅनली गिबन्स या विलायती तिकीटवाल्यांच्या कॅटलॉगात जी किंमत छापलेली असते ती फाइन तिकिटाची. म्हणजे त्याखालच्या मालाला त्या किमतीचा तुकडा. आणि अगदी साध्या तिकिटाला जी सगळ्यात कमी किंमत छापलेली दिसते ती तिकिटाची नसतेच, दुकानदाराने शोधून पाकिटात घालून द्यायची हमाली असते ती. हे कळायला मला दहा वर्षं लागली, तोपर्यंत मी मनातल्या मनात लखपती होतो.

वडापाव_कटिंग
८ जुलै, सकाळी ८.०२

‘गुड म्हणजे वाईट’. आमच्या बॉसचे ईमेल आता कळले.

नाशिकरोडकर
८ जुलै, सकाळी ९.४४

टपालवेडांनी पेट्रोलचा विषय काढलाय तर थोडी भर. जुन्या भारतीय तिकिटांत मागची बाजू फक्त खोट शोधायला बघत नाहीत, तिकीट कोणतं आहे तेच मागून कळतं. पंचम जॉर्जचं एक आण्याचं चॉकलेटी तिकीट घ्या. समोरून एकच. पण १९२२ च्या सुमाराचं लंडनमध्ये छापलेलं असेल तर मागे वॉटरमार्कमध्ये एका तिकिटात एकच तारा, आणि १९२६ पासून आमच्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छपाई सुरू झाली त्याच्या कागदात सगळीकडे छोटे छोटे तारे. वडील प्रेसमध्ये होते त्यामुळे हे बाळकडू आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं सगळ्या जगाची तिकिटं आणि नोटा आमच्याच गल्लीत छापतात.

दुसरं असं की ‘चित्र मधोमध हवं’ ही अट सगळ्यांना सारखी लावू नका. कुठल्या तिकिटाची मधोमध प्रत सहज मिळते, कुठल्याची दहात एक, हे माहीत असल्याशिवाय ग्रेड देता येत नाही. पन्नास प्रती शेजारी शेजारी ठेवून बघितल्या की आपोआप कळतं बरं कुठलं आणि बेतास बात कुठलं. पुस्तकातली व्याख्या पाठ करून नाही कळत.

नितळ
८ जुलै, सकाळी ११.२०

माझा नियम एकच. चेहरा स्वच्छ हवा. राणी असो, राजा असो, गांधी असो, तोंडावर शाई असेल तर ते तिकीट माझ्या आल्बममध्ये येत नाही. आपल्याकडे शिक्का मारत नाहीत, सूड उगवतात. काळा गोळा, त्यावर अजून एक गोळा, आणि शिक्का मारायचा राहिलाच तर शेवटी पोस्टमन बॉलपेनने दोन रेघा ओढून मोकळा. म्हणून मी हलका शिक्का, कोपऱ्यात, पाव भागापेक्षा जास्त नाही, असंच घेतो.

आबा_सातारकर
८ जुलै, दुपारी १.१५

नितळसाहेब, राग मानू नका, पण मग मिंट, म्हणजे कोरी न वापरलेली, घ्या की सरळ. वापरलेलं तिकीट घ्यायचं आणि वापरल्याची खूण नको, म्हणजे लोणचं हवं पण खार नको.

शिक्का हा डाग नाही. शिक्का म्हणजे ते तिकीट कुठे होतं, कधी होतं याची नोंद. मी तिकिटं जमवतो ती शिक्क्यांसाठीच. गोल शिक्का बरोब्बर मधोमध बसलाय, गावाचं नाव, तारीख, वेळ सगळं वाचता येतंय, याला इंग्रज लोक ‘नाकावर बसलेला’ शिक्का म्हणतात आणि असं तिकीट चेहरा झाकला तरी जास्त पैसे देऊन घेतात.

एक उदाहरण देतो. एडन. होय, येमेनमधलं एडन. ते तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं आणि १९३७ पर्यंत तिथे आपलीच म्हणजे हिंदुस्थानची तिकिटं चालायची. सुरुवातीच्या काळात तिथल्या पोस्टाला नंबर होता १२४. रेघांच्या चौकटीत हा १२४ नंबर, शिक्का असा दणदणीत की राणीचं नाक, डोळे, अंबाडा काही दिसत नाही. नितळसाहेब ते कचऱ्यात टाकतील. मी त्याच तिकिटाला साध्या प्रतीच्या कितीतरी पट देऊन घेईन, आणि १२४ जितका ठळक तितकं जास्त. सिंगापूरचं पण तसंच, बी १७२. तेव्हा तिथे पण आपलीच तिकिटं. आपल्याच मुंबईच्या जाल कूपर यांनी या जुन्या शिक्क्यांचं वर्गीकरण करून ठेवलंय म्हणून आज हे वाचता येतं.

तेव्हा माधवीताई, डबा चाळताना भिंग घ्या आणि आधी शिक्के वाचा. ग्रेड नंतर.

नितळ
८ जुलै, दुपारी १.५२

राग नाही. पण तुमचं एडन हजारात एक, बाकीचे ९९९ काळे गोळेच असतात. त्या ९९९ चं काय करायचं तेवढं सांगा.

आबा_सातारकर
८ जुलै, दुपारी २.०६

नातवाला द्यायचे.

पणजीचो_पाव
८ जुलै, दुपारी ४.४०

नाशिकरोडकरांचा मुद्दा गोव्याच्या तिकिटांना तर फारच लागू. पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटं १८७१ ची, ती लिस्बनहून नाही आली, इथे गोव्यातच छापली. हातात घेऊन बघा, छपाई अशी की शाळेत बटाट्याचे ठसे मारायचो त्याची आठवण येईल. दाते तर उंदराने कुरतडल्यासारखे. त्यातलं एखादं चारही बाजूंनी सरळ दात्यांचं, मधोमध चित्राचं दिसलं की आम्ही खूश होत नाही, घाबरतो. नक्कल असणार, नाहीतर कुणीतरी नंतर दाते पाडलेले असणार. आमच्याकडे फाइन म्हणजे जे बाकीच्यांपेक्षा थोडं कमी वाईट.

अवांतर: पावसाळ्यात आल्बम उघडूच नये असं माझी आई म्हणायची. आम्ही उघडायचो. त्या आल्बमातल्या तिकिटांवर आता तपकिरी ठिपके आहेत.

सुगंधा
८ जुलै, संध्याकाळी ५.१०

ते ठिपके जातात का हो? बाबांच्या आल्बमातही आहेत. काही तिकिटांत फक्त दात्यांच्या टोकांना गंजल्यासारखं तपकिरी झालंय.

टपालवेडा
८ जुलै, रात्री ८.२५

सुगंधाताई, दमट हवा आणि बुरशी. आपल्या कोकणपट्टीची देणगी. पूर्ण जात नाहीत आणि शेजारच्या तिकिटांनाही लागण होते म्हणून ठिपकेवाली आधी वेगळी काढा. आल्बम कपाटात उभे ठेवा, आडवे एकावर एक नको, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कोरड्या दिवसांत पानं उलटून हवा लागू द्या. ग्रेडच्या दृष्टीने ठिपका समोरून दिसत असेल तर फाइन विसरा.

केमिकल_आली
८ जुलै, रात्री ९.०३

ठिपक्यांचं माहीत नाही पण जुनी नारंगी किंवा लाल तिकिटं काळपट पडतात ना, ती हायड्रोजन पेरॉक्साइडने परत मूळ रंगावर येतात. शिशाचे रंग असतात, हवेतल्या गंधकाने काळे होतात. केमिस्टकडचं साधं पेरॉक्साइड, कापसाच्या बोळ्याने. मी केलंय, समोरासमोर रंग उजळताना दिसतो.

आबा_सातारकर
८ जुलै, रात्री ९.३०

आणि मग ते ‘व्हेरी फाइन’ म्हणून विकायचं? याला आमच्यात रंगसफेदी म्हणतात.

केमिकल_आली
८ जुलै, रात्री ९.४१

विकायचं कोण म्हणालं? आणि काळं पडणं हा काय तिकिटाचा मूळ स्वभाव आहे का? चांदीची भांडी आपण घासतोच की. घासलेली वाटी खोटी होते का?

आबा_सातारकर
८ जुलै, रात्री ९.४९

वाटीला कुणी ग्रेड देत नाही.

टपालवेडा
८ जुलै, रात्री १०.१५

दोघांनीही इनो घ्या. माझं मत: स्वतःसाठी केलंत तर तुमची मर्जी, दुसऱ्याला देताना सांगितलं पाहिजे. पण पेरॉक्साइडपेक्षा वाईट गोष्टी चालतात बाजारात. १९०६ पासून आपल्या काही तिकिटांवर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असं छापलेलं असे, म्हणजे तेच तिकीट पाकिटावर पण चाले आणि पावतीवर पण. एक आण्याचं तिकीट पावतीवर लावून त्यावर आडवी सही ठोकायची, आपल्या आजोबांच्या भाडेपावत्या आठवा. पोस्टाच्या संग्राहकाला अशी सहीवाली प्रत फारशी कामाची नाही. मग काही दीडशहाणे ती शाई धुऊन काढतात आणि वरून शिक्का मारतात. भिंगाखाली तिरक्या उजेडात निबाने कागदावर पाडलेली खाच दिसते. शाई धुता येते, खाच धुता येत नाही.

नाशिकरोडकर
८ जुलै, रात्री १०.३८

अगदी. आणि ठसा मारलेल्या तिकिटांत उलटं बघायचं. १९७१ ला बांगलादेशी निर्वासितांसाठी पाच पैशांचं कुटुंब नियोजनाचं लाल तिकीट होतं त्यावर ‘रेफ्यूजी रिलीफ’ असा ठसा उमटवला होता. मुख्य ठसा आमच्या प्रेसचा, पण सगळीकडे वेळेत माल पोचला नाही म्हणून काही ठिकाणी स्थानिक ठसे मारले. आता हे स्थानिक ठसे महाग, म्हणून घरोघरी रबरी शिक्के तयार झाले. वापरलेल्या प्रतीत एक सोपी परीक्षा आहे, पोस्टाचा शिक्का ठशाच्या वर हवा. साधं वापरलेलं तिकीट घेऊन नंतर ठसा मारला असेल तर ठशाची शाई शिक्क्यावरून गेलेली दिसते. वडील म्हणायचे आधी लग्न मग बारसं, इथे बारसं आधी झालेलं दिसतं.

न्यूजर्सीचा_नंदू
९ जुलै, पहाटे ४.५५

इकडे अमेरिकेत वेगळाच खेळ चालतो. तिकीट तज्ज्ञांकडे पाठवायचं, ते शंभरपैकी आकडा देतात. ८० म्हणजे व्हेरी फाइन, ९८ म्हणजे सुपर्ब. एकाच तिकिटाची ८५ ची आणि ९८ ची प्रत यांत किमतीचा फरक असा की डोळे पांढरे होतात, आणि फरक काय तर डावीकडचा समास उजवीकडच्यापेक्षा केसभर रुंद. मी स्वतः एकदाही पाठवलेलं नाही, फी माझ्या तिकिटापेक्षा जास्त आहे.

भारतातून येताना आईने दिलेला आल्बम अजून आहे. त्यात अजमान, फुजैरा, शारजा असली तिकिटं भरपूर, डायनोसॉर, अंतराळवीर, सगळं चकचकीत. दहावीपर्यंत मला वाटायचं हा माझा खजिना आहे.

टपालवेडा
९ जुलै, सकाळी ७.१२

नंदूशेठ, तो ‘खजिना’ घरोघरी होता. शाळेबाहेर पाकीट मिळायचं पन्नास देशांचं. ती तिकिटं पत्रावर कधी गेलीच नाहीत, छापतानाच कोपऱ्यात शिक्का छापून संग्राहकांना विकलेली. ओळखायचं कसं तर शिक्का कोपऱ्यात बरोब्बर पाव वर्तुळ, प्रत्येक तिकिटावर त्याच जागी, आणि पालथं केलं तर मागे डिंक जसाच्या तसा. पत्रावरून आलेल्या तिकिटाला डिंक कुठून राहणार? नितळसाहेबांच्या व्याख्येत ही सगळी सुपर्ब बसतात बघा, चेहरा स्वच्छ, शिक्का कोपऱ्यात.

नितळ
९ जुलै, सकाळी ७.४०

🙏 शरण.

पैठणची_लेक
९ जुलै, सकाळी १०.२८

आमच्याकडे आजोबांची निजामाच्या काळातली तिकिटं आहेत. १९३१ च्या सेटमध्ये एक आण्यावर चारमिनार, आठ आण्यावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा विजयस्तंभ. म्हणजे मराठवाडा बघा कसा तिकिटावर होता. त्यातलं आठ आण्याचं आजोबांनी पाकिटासकट ठेवलंय. मी मागच्या महिन्यात ते पाण्यात टाकून सोडवणार होते, आत्ता हा धागा वाचून थांबले. टाकू का?

आबा_सातारकर
९ जुलै, सकाळी १०.३३

नाही!!! ताई, पाकीट अजिबात फोडू नका, कापू नका, भिजवू नका. अख्ख्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा शिक्का, पोचल्याचा शिक्का, पत्ता, दर सगळी कहाणी असते. तिकीट सोडवलंत की आठ आणे हातात येतील आणि बाकी सगळं बादलीत.

पैठणची_लेक
९ जुलै, सकाळी १०.४०

थांबले. बादली परत बाथरूममध्ये ठेवली.

सुगंधा
९ जुलै, सकाळी ११.१५

बादलीवरून आठवलं, मी लहानपणी दिवाळीच्या शुभेच्छापत्राचं लाल पाकीट आणि बाकीची पन्नास तिकिटं एकाच घमेल्यात भिजवली होती. सगळी तिकिटं गुलाबी. बाबा म्हणाले नवीन सेट निघालाय वाटतं.

टपालवेडा
९ जुलै, दुपारी १२.०५

हाहा. रंगीत पाकिटं नेहमी वेगळ्या बशीत. कोमट पाणी, गरम नको, पंधरावीस मिनिटं, तिकीट आपोआप सुटलं पाहिजे. ओढलं की माधवीताईंच्या बारा आण्यासारखा थिन. सुटल्यावर परत स्वच्छ पाण्यातून काढा, मागचा डिंक बोटाने हलकेच पुसा आणि कोऱ्या कागदावर पालथं वाळवा, वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. अर्धवट वाळलं की जाड पुस्तकाखाली.

व्हिक्टोरिया, एडवर्डच्या काळातली विलायती हिरवी आणि जांभळी तिकिटं मात्र पाण्यात घालूच नका. धुऊन परत वापरू नयेत म्हणून मुद्दाम कच्च्या शाईत छापायचे, पाणी लागलं की हिरव्याचं पिवळट होतं. आणि हल्लीची परदेशी स्टिकरवाली पाण्याने सुटतीलच असं नाही, ती सरळ कागदासकट कापून ठेवा.

वडापाव_कटिंग
९ जुलै, दुपारी १२.३०

एक शंका. २००६ ला चंदनाच्या वासाचं पंधरा रुपयांचं तिकीट आलं होतं. त्याची कंडिशन वास घेऊन ठरवायची का? माझ्याकडच्याला आता डांबराच्या गोळीचा वास येतो.

नाशिकरोडकर
९ जुलै, दुपारी १.०२

फाइन यूज्ड, सुगंध उतरलेला.

माधवी_डोंबिवली
१३ जुलै, रात्री ९.१०

सगळ्यांचे खूप आभार. उशीर झाला कारण मी खरंच कामाला लागले. चिमटा मागवला, नवऱ्याच्या मित्राकडून लायटरचं पेट्रोल आणलं, काळी बशी नव्हती म्हणून काळ्या टाइलचा तुकडा घेतला. गॅस बंद होता, काळजी नसावी.

हिशोब असा. सुट्या तिकिटांतली निम्मी तर काळे गोळे. ती भाच्यासाठी वेगळ्या डब्यात. वह्यांतली चिकटवलेली काही गोंदाने लावली होती ती पाण्यात छान सुटली, काही कुठल्याशा पिवळ्या चिकट पट्टीने लावली होती त्यांचं काही होत नाही, डाग आरपार गेलाय. पंचम जॉर्जची एक आण्याची एकोणीस निघाली, त्यातल्या चारांच्या मागे एकच तारा आहे, बाकी सगळीकडे तारेच तारे. नाशिकरोडकर, पहिला तारा वर आला तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून दाखवला, तो म्हणाला बरं. तीन तिकिटांवर सह्या आहेत, एक सही चक्क मोडीत.

मागून पुढून स्वच्छ, सगळे दाते जागेवर, शिक्का वाचता येतोय अशी एकूण अकरा निघाली. साडेतीनशेत अकरा. आधी वाईट वाटलं, मग तीच अकरा परत परत बघत बसले.

विक्रेत्याला थिनचा पेट्रोलमधला फोटो पाठवला. आधी म्हणाला तुम्हीच खराब केलं असेल. मग त्याच्याच जाहिरातीतला फोटो मोठा करून पाठवला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर होता म्हणून मला आधी कळलं नव्हतं, पण खालचा एक दातही आखूड आहे आणि तो त्याच्या फोटोतही आखूडच आहे. दोनशे परत देतो म्हणाला. घेतले. तिकीट ठेवलं.

आणि एक विचारायचं होतं. डब्यातलं दीड आण्याचं गांधी, तपकिरी. एक कोपरा मुडपलेला, वरचे दोन दाते गेलेत, शिक्का अर्धाच. भिंगाने बघितलं तर खाली ‘ओहा’ आणि त्याखाली ‘कुलाबा’ एवढं वाचता येतंय, वर्ष ४९. सासरे रोह्याचे. १९४९ ला ते मुंबईत एकटे खोली घेऊन राहायचे, आई रोह्याला. याला ग्रेड काय द्यायचा?

टपालवेडा
१३ जुलै, रात्री ९.३३

तिकीट म्हणून ‘गुड’. म्हणजे वाईट. फोटो विकताना घेतात तसा पांढऱ्यावर नको, काळ्या कागदावर काढून टाका इथे, दाते नीट दिसू देत.

आबा_सातारकर
१३ जुलै, रात्री ९.५०

रोहा, कुलाबा, ४९, गांधींवर. माझ्याकडे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले अलिबाग, पेण, महाड आहेत, रोहा नाही. कोपरा मुडपलेला असला तरी चालेल. किंमत तुम्ही सांगा.

माधवी_डोंबिवली
१३ जुलै, रात्री ९.५८

आबा, ते नाही देणार. सिंगल तारेवालं एक आणा हवं तर पाठवते, चार आहेत.

आबा_सातारकर
१३ जुलै, रात्री १०.०१

वाटलंच होतं. तारेवालं पाठवा, मी साताऱ्याचा एक झकास गोल शिक्का पाठवतो बदल्यात. पुठ्ठ्यात घालून पाठवा, पाऊस आहे.

वडापाव_कटिंग
१३ जुलै, रात्री १०.२०

डब्यात त्रिकोणी होतं का एखादं?

माधवी_डोंबिवली
१३ जुलै, रात्री १०.२६

एक होतं. मंगोलिया. कोपऱ्यात पाव वर्तुळ शिक्का, मागे पूर्ण डिंक.

वडापाव_कटिंग
१३ जुलै, रात्री १०.२७

चालेल. दोन पेरू देतो.